पाय काढल्यावर

कार्बोरेटरवाल्या जुन्या गाड्यांना एक दुखणं हमखास जडतं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाने दोनेक सेकंदांत शांत व्हावं आणि हळू आवाजात नुसतं चालत राहावं, अशी अपेक्षा असते. या नुसतं चालत राहण्याला पुस्तकांत 'आयडल' म्हणतात. आमच्या खानदेशातले मिस्त्री त्याला 'स्लो' म्हणतात. "स्लो सेट करून देतो" हे वाक्य ज्याने ऐकलं नाही त्याने जुनी गाडी बाळगलीच नाही असं खुशाल समजावं. तर दुखणं असं, की पाय काढला तरी इंजिन स्लोवर येतच नाही. पाच सेकंद, सात सेकंद, कधी दहा सेकंद वरच्या सुरात घोंघावत राहतं आणि मग अचानक आठवण झाल्यासारखं खाली येतं.

तुम्ही म्हणाल, सात सेकंदांनी असं काय बिघडतं? हायवेवर काहीच नाही. पण भाजीबाजारात, पहिल्या गिअरमध्ये, समोर लोटगाडी आणि बाजूला दप्तरं घेतलेली पोरं असताना सात सेकंद फार असतात. क्लच जरा सुटला की मागून कुणी ढकलल्यासारखी गाडी पुढे सरकते. तरणा माणूस ब्रेक मारून मोकळा होतो. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत मात्र लोक दुसराच निष्कर्ष काढतात.

आमच्या घरी दोन महिने वाद चालला होता तो नेमका यावर. दुखणं गाडीचं की माणसाचं?

गाडी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. माणूस म्हणजे आमचे नाना, वय ७९, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, मुक्काम जळगाव. नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार व्हायची आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याजवळचा गिअर, डॅशबोर्डवर चोकची खेचायची मूठ. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, ती मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. आमची मात्र अजून दारात उभी आहे.

झालं असं, की नाना दुपारी बाजारातून येत होते आणि गाडी केळ्यांच्या एका लोटगाडीला हळूच जाऊन टेकली. कुणाला लागलं नाही. दोन फण्या खाली पडल्या, नानांनी उतरून पैसे दिले, त्या केळ्यांचं आईने शिकरण केलं. पण दादाने त्याच संध्याकाळी निकाल दिला. "नानांचा पाय आता लवकर उठत नाही. किल्ली काढून घ्या." आईने किल्ली पिठाच्या डब्यामागे ठेवून दिली. नाना एकच वाक्य बोलले, "मी पाय काढला होता." पुढे त्यांनी तो विषय काढला नाही. त्यांचं बाहेर जाणंच कमी झालं.

आमच्या धंद्यात याला 'युझर एरर' म्हणतात. सॉफ्टवेअर चुकीचं वागलं अशी तक्रार येते आणि कुणीतरी 'वापरणाऱ्याची चूक' असा शेरा मारून ती बंद करतो. हा शेरा लोकप्रिय आहे, कारण त्यासाठी काहीही उघडून बघावं लागत नाही. आता, वापरणाऱ्याची चूक कधी नसतेच असं नाही. माझं म्हणणं एवढंच, की ती सिद्ध करायची असते, आणि त्यासाठी वापरणाऱ्याला बाजूला काढून तोच बिघाड पुन्हा घडवून बघावा लागतो. म्हणून एका शुक्रवारी रात्रीच्या बसने अस्मादिक पुण्याहून जळगावला.

दादाने आधीच गाडी सकाळी दोन किलोमीटर फिरवून आणली होती. काही झालं नव्हतं. ('आमच्या मशीनवर तर चालतंय!') मी नानांना विचारलं, नक्की कधी होतं? ते म्हणाले, "सकाळी नाही होत. वीसेक मिनिटं चालवल्यावर होतं. ऊन असलं की जास्त. आणि थांबून पुन्हा निघताना." तीस वर्षं कालव्याच्या पाण्याच्या नोंदी ठेवलेला माणूस आहे, रिपोर्ट पक्का असणारच. म्हणून मी गाडी बांभोरीच्या गिरणा पुलापर्यंत नेऊन आणली, भर दुपारी. अंगणात उभी केली, रेस दिली, सोडली. आणि ती घोंघावतच राहिली.

पद्मिनीला इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा नाही. पण चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात, म्हणजे आवाजाचा मूळ सूर मोजला की फेरे कळतात. सेकंदाला २६ ठोके म्हणजे मिनिटाला ७८० फेरे. मोबाईलवर आवाजाचे सूर दाखवणारं एक फुकटातलं ॲप घेतलं. फोनचा माईक इतका खालचा सूर नीट पकडत नाही, म्हणून त्याच्या दुपटीचा सूर वाचून निम्मा केला. थंड इंजिन २६ वर होतं. गरम झाल्यावर ३३, म्हणजे जवळपास हजार फेरे. आणि रेस सोडल्यावर ५५ वर, म्हणजे १६५० फेऱ्यांवर, सरासरी सात सेकंद अडकून राहत होतं. आता वादाला आकडा मिळाला.

पुढचं काम म्हणजे शक्यता निम्म्या-निम्म्या करत जाणं.

पहिली चाचणी. कार्बोरेटरच्या लिव्हरपासून पेडलची दांडी सोडवली. आता पाय, पेडल आणि मधली सगळी जोडणी बाद. बॉनेट उघडं ठेवून हातानेच लिव्हर ओढला आणि सोडला. सात सेकंद! पुन्हा केलं. पुन्हा सात. म्हणजे गाडीत कुणीही बसलेलं नसताना ती तशीच वागत होती. दादाला बाहेर बोलावलं आणि त्याच्याच हाताने पाच वेळा करायला लावलं. नाना ओट्यावर बसून बघत होते. काही बोलले नाहीत, पण चहाचा कप घेऊन उठले आणि बॉनेटशी येऊन उभे राहिले.

दादा तसा न्यायी माणूस आहे. तो म्हणाला, "बरं, पाय नाही. मग काय?" प्रश्न रास्त होता. आरोपी सुटला तरी खरा गुन्हेगार सापडेपर्यंत लोकांचा संशय जात नाही, आणि किल्लीही डब्यामागून निघत नाही.

दुसरी चाचणी. इंजिन अडकलेलं असताना लिव्हर बोटाने बंद दिशेला दाबून धरला. फेरे उतरले असते तर दोष परतीच्या स्प्रिंगचा किंवा अडकणाऱ्या पाकळीचा. उतरले नाहीत. म्हणजे पाकळी बंद होती, तरी इंजिन धावत होतं.

इंजिनाला धावायला हवा, पेट्रोल आणि वेळेवर ठिणगी लागते. मुख्य दार बंद असूनही ते धावत असेल तर एक तर हवा चोरवाटेने येत असणार, नाहीतर ठिणगी चुकीच्या वेळेला पडत असणार.

तिसरी चाचणी हवेची. काही जण इथे पेट्रोल शिंपडून बघतात. कृपा करून तसं करू नका, गरम इंजिनावर पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण. मी इस्त्रीच्या बाटलीतून पाण्याचा बारीक फवारा मारला, डेल्को आणि वायरी सांभाळून. कार्बोरेटरच्या बुडाशी असलेल्या पॅकिंगजवळ आणि पाकळीच्या दांड्याच्या टोकाशी फवारा गेला की इंजिनाचा सूर किंचित हलायचा. म्हणजे तिथून हवा आत जात होती. चाळीस वर्षांत दांड्याचं भोक झिजणारच. रविवारी पॅकिंग बदललं. सात सेकंदांचे पाच झाले. सुधारणा होती, पण पाचही जास्तच. शिवाय टायमिंग लाइट माझ्याकडे नव्हता.

जळगावातल्या एका गॅरेजवाल्याने सरळ सांगितलं, कार्बोरेटर नवा टाका. पण ठिणगी तपासल्याशिवाय कार्बोरेटर टाकणं म्हणजे लॉग न वाचता सर्व्हर बदलणं. नानांना धुळ्याचे एक जुने मिस्त्री आठवले, पारोळा चौफुलीच्या अलीकडचे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत मुंबईला टॅक्सीच्या गॅरेजात हात काळे केलेला माणूस. पुढच्या विकांताला आम्ही निघालो. जळगाव ते धुळे साधारण नव्वद किलोमीटर, वाटेत पाळधी, एरंडोल, पारोळा. गाडी मी चालवत होतो, नाना शेजारी. पारोळ्याला चहाला थांबलो आणि निघताना ती पुन्हा घोंघावली. नाना म्हणाले, "बघ."

मिस्त्री सत्तरीचे. मी मोबाईलमधले आलेख काढून दाखवायला लागलो तर त्यांनी हाताने थांबवलं आणि नानांकडे वळले. "काय व्हस ते तुम्हीच सांगा नाना. पोऱ्या मंग सांगी." नानांनी सगळं क्रमाने सांगितलं. शेवटी मिस्त्रींनी विचारलं, "यानं आधी स्लो कोनी वाढाई दिन्ही?" आणि मग निघालं, की मार्चमध्ये गाडी उन्हात सिग्नलला बंद पडायची म्हणून एका गॅरेजात स्लोचा स्क्रू पिळून घेतला होता. तेव्हापासून बंद पडणं थांबलं होतं.

त्यांनी पुलीवरच्या खुणेला खडू फासला आणि टायमिंग लाइट धरला. पहिल्या नंबरच्या प्लगला ठिणगी गेली की हा दिवा लुकलुकतो, त्यामुळे फिरती पुली थांबल्यासारखी दिसते आणि ठिणगी कुठल्या क्षणी पडते ते खुणेवरून कळतं. रेस दिली, खूण पुढे सरकली. तशी ती सरकायलाच हवी. रेस सोडली. खूण मागे यायला हवी होती. ती पुढेच उभी राहिली. पाच सेकंदांनी सावकाश मागे आली, आणि तिच्याबरोबर आवाजही.

डेल्को उघडला. (इंग्रजीत डिस्ट्रिब्युटर, पण त्या नावाने गॅरेजात मागितलात तर मिळायचा नाही.) पॉइंटच्या प्लेटखाली दोन छोटी वजनं असतात आणि त्यांना आवरणाऱ्या दोन स्प्रिंगा. इंजिन वेगाने फिरलं की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी जरा आधी पडू लागते, कारण वेग वाढला तरी पेट्रोल जळायला लागणारा वेळ त्या प्रमाणात कमी होत नाही. वेग उतरला की स्प्रिंगांनी वजनं आत ओढायची. आमच्या डेल्कोत एका स्प्रिंगचा आकडा उघडून ती सैल झाली होती आणि वजनांच्या खिळ्यांवर जुनं ग्रीस वाळून चिकट झालं होतं. बाहेर फेकणारा जोर शाबूत होता, आत ओढणारा जोर गेला होता.

हेच फिरत्या वजनांचं तत्त्व वापरून जेम्स वॅटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाचा वेग आवरला. शेतावरच्या जुन्या ऑइल इंजिनातही गव्हर्नर तसाच असतो. पण गव्हर्नरची वजनं बाहेर गेली की इंजिनाचा खुराक कमी होतो, म्हणजे ती वेगाला लगाम घालतात. डेल्कोतली वजनं बाहेर गेली की स्लोच्या आसपास उलट होतं. ठिणगी आधी पडते, त्याच हवा-पेट्रोलातून जास्त जोर मिळतो, वेग टिकतो, आणि वेग टिकला म्हणून वजनं बाहेरच राहतात. आपलंच शेपूट धरून फिरणारं चक्र. यांत्रिक नियंत्रणाचं गणित मॅक्सवेलने १८६८ साली गव्हर्नरवरच्या निबंधात मांडलं. धुळ्याच्या मिस्त्रींनी तो वाचला नसणार, पण स्लो कुणी वाढवला हा त्यांचा प्रश्न नेमका त्याच मुद्द्याचा होता.

कारण साखळी अशी होती. पाकळीच्या दांड्याजवळून थोडी चोरटी हवा आधीपासून येत होती. त्यात पेट्रोल बदललं. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला जळायला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात. आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साडेतेराच्या आसपास पुरतात. नव्या गाडीचा संगणक हा फरक भरून काढतो. पद्मिनीच्या जेटचं भोक मात्र १९८४ साली होतं तेवढंच आहे. म्हणजे मिश्रण आणखी पातळ. पातळ मिश्रणावर इंजिन स्लोला अडखळू लागलं, म्हणून कुणीतरी स्लो वाढवला. गरम झाल्यावर तेल पातळ होऊन फेरे आणखी चढले आणि सैल स्प्रिंगची वजनं जिथे हलायला लागतात ती रेषा ओलांडली गेली. थंड असताना ती ओलांडली जात नव्हती, म्हणून दादाला सकाळी काही दिसलं नाही. एकेक कारण किरकोळ. मधला उपाय तर उपाय म्हणूनच केलेला. आमच्याकडे अशा एकावर एक पॅचांचे वाडे उभे असतात.

मिस्त्रींनी जुन्या डेल्कोंच्या डब्यातून जुळणारी स्प्रिंग शोधली, खिळे रॉकेलने साफ करून तेलाचा एकेक थेंब सोडला, दांड्याला बुश बसवलं, मिश्रणाचा स्क्रू अर्धा फेरा उघडला आणि सगळ्यात शेवटी स्लो उतरवला. मी मोजलं. ५५ वरून २७ वर, पावणेदोन सेकंद. दहा वेळा केलं, दहाही वेळा दोनच्या आत. मजुरी आणि सामान मिळून अठराशे रुपये.

इथे गोष्ट संपवली तर 'यंत्र दोषी, माणूस निर्दोष' असा सोयीचा निकाल लागेल. पण एक दुसरं प्रकरण आठवतं. १९८६ साली अमेरिकेत ऑडी ५००० ही गाडी आपोआप उसळते म्हणून टीव्हीवर मोठा गहजब झाला. तिथल्या महामार्ग सुरक्षा खात्याने १९८९ च्या अहवालात सांगितलं, की बहुतेक अपघातांत चालकाने ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला होता. म्हणजे पायच! पण त्याच तपासात हेही निघालं, की काही गाड्यांत आयडल सांभाळणाऱ्या यंत्रणेत दोष होता. फेरे अचानक वाढायचे आणि चालक दचकायचा. दचकलेला पाय चुकीच्या जागी पडतो. म्हणजे माणूस की यंत्र हा प्रश्नच अपुरा आहे. गाडी सात सेकंद ढकलत असेल तर ७९ वर्षांच्या माणसाचा पाय कसा आहे हे कळूच शकत नाही. आधी गाडी दुरुस्त करावी, मग पाय तपासावा. उलट क्रमाने केलं तर म्हाताऱ्या माणसावर अन्याय होतो, आणि तीच गाडी पुढे जो चालवेल त्यालाही धोका राहतो.

ज्यांच्या दारात अशी गाडी आहे त्यांनी हाच क्रम ठेवावा. पेडलची जोडणी सोडवून बघा, मग पाकळी दाबून बघा, मग चोरटी हवा, मग टायमिंग लाइट. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर मोजा. स्लोचा स्क्रू सगळ्यात शेवटी. गाडी गरम आहे ना ते आधी पाहा, आणि रोज चालवणाऱ्याला विचारा.

धुळ्याहून निघताना मिस्त्रींनी किल्ली माझ्या हातात न देता नानांच्या हातात दिली. पारोळ्यापर्यंत नानांनी चालवली. मी मुद्दाम त्यांच्या पायाकडे बघत होतो. प्रत्येक गिअरला पाय वेळेवर उठत होता. पण संध्याकाळ झाली, समोरून ट्रकांचे दिवे यायला लागले तसे ते डोळे बारीक करू लागले. पारोळ्याला गाडी बाजूला घेऊन म्हणाले, "पुढे तू चालव. अंधारात मला नीट दिसत नाही." हे त्यांनी स्वतः सांगितलं. दोन महिने 'पाय, पाय' चाललं होतं तेव्हा डोळ्यांचं बोलायला त्यांना जागाच नव्हती.

असो. मोतीबिंदूची तारीख दादाने घेतली आहे. तोवर नाना दिवसा चालवतात, गल्लीपासून बाजाराच्या अलीकडेपर्यंत. ते ॲप त्यांनी आपल्या फोनवर टाकून घेतलंय आणि पाण्याच्या नोंदींसारखी एक वही घातली आहे. तारीख, किलोमीटर, ऊन, सूर, सेकंद. परवा फोनवर वाचून दाखवत होते. ४२ अंशांत २७ आणि पावणेदोन!